गालातल्या दोऱ्या

आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, जुळवून उभी दातांच्या मधे घालून पाहावीत. निरोगी माणसाच्या तोंडात ती अडत नाहीत. मराठवाड्यातले दातांचे डॉक्टर आज तरण्या पोरांना आधी हेच करून दाखवायला सांगतात आणि कुणाची दोन बोटं जातात, कुणाचं जेमतेम एक. पोरगा आलेला असतो दाढ दुखते म्हणून. तोंड उघडत नाही ही तक्रार तो आपणहून सांगत नाही, कारण ते एका रात्रीत मिटलेलं नसतं. आधी ठेचा झोंबायला लागतो, मग वरणाची फोडणीसुद्धा. पुढे भाकरीचा घास लहान करावा लागतो, शिट्टी वाजत नाही, गाल फुगत नाहीत, जीभ काढ म्हटलं तर ओठांपाशीच थांबते. डॉक्टर गालाच्या आतून बोट फिरवतात तेव्हा पांढुरक्या पडलेल्या त्वचेखाली उभ्या, ताठ दोऱ्या हाताला लागतात.

या दुखण्याचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. दवाखान्यात सगळे ‘ओएसएमएफ’ म्हणून मोकळे होतात. यात जबड्याचा सांधा बहुधा शाबूत असतो, नसा शाबूत असतात आणि स्नायूही सुरुवातीला धडधाकट असतो. बिघडतं ते त्याच्या अवतीभवतीचं. पेशी आणि पेशी यांच्या मधल्या जागेत जो तंतूंचा आणि रेणूंचा पसारा असतो, तो दाट होत जातो, आवळत जातो आणि शेवटी स्नायूलाही गिळतो. या मधल्या जागेकडे वैद्यकाचं लक्ष जायला बराच काळ गेला. ती हकिकत मुख्यतः मुंबईत घडली, थोडी लंडनमध्ये आणि कोपनहेगनमध्ये, आणि तिचं एक टोक धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याला येऊन टेकतं.

इंग्रजी नियतकालिकांतले या विषयावरचे बरेच लेख सुश्रुतापासून सुरू होतात. सुश्रुतसंहितेतली ‘विदारी’ म्हणजेच हा रोग, असं एकाने लिहिलं आणि पुढच्यांनी उतरवून घेतलं. मला ते पटत नाही. सुश्रुताची विदारी ही घशातली आग, सूज आणि कुजून झडणारं मांस आहे. आपला रोग कुजत नाही, झडत नाही. तो फक्त ताठ होतो. विडा इथे दोन हजार वर्षं खाल्ला जात असेल, म्हणून प्रत्येक दुखण्याला तेवढंच जुनं नाव असायला हवं असं काही नाही.

नोंदलेला इतिहास सुरू होतो १९५२ साली, आणि तोही भारताबाहेर. लंडनमध्ये भरलेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक परिषदेत श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांची हकिकत मांडली. तोंडाची त्वचा सुकलेली, तोंड उघडत नाही आणि कारण ठाऊक नाही. त्यांनी त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिलं, ज्याचा मथितार्थ ‘कारण न कळलेली तोंडाची झीज’ एवढाच होता. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा सर्जन एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी ताठरलेले रुग्ण नोंदवले आणि त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. लंडनच्या नावात झीज होती, मुंबईच्या नावात त्वचेखाली साठलेला तंतूंचा थर. जोशींची नजर योग्य थरावर पडली होती. नाव त्यांचंच टिकलं.

त्या सुमाराला परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याच्या शेजारी १९५२ मध्ये सुरू झालेलं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र होतं. केंद्राचे संचालक वसंत रामजी खानोलकर, मूळचे गोमंतकातले. चालीरीतींतून रोग शोधायची त्यांना जुनी सवय होती. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेला होणारा कर्करोग, खैनीने ओठाला होणारा आणि चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरल्याने टाळूला होणारा, असे तीन प्रकार त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे ठेवले होते. तेव्हा तोंड ताठरवणारा हा रोग समोर आल्यावर त्यांनी भारतीय ताटाकडे पाहावं हे ओघानेच आलं. त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करत. जैविक ऊती त्या यंत्राखाली पाहणाऱ्या भारतातल्या पहिल्या पिढीतल्या त्या संशोधक. दोघांनी मिळून संशय घेतला तो मिरचीवर.

१९६० साली त्यांचा प्रयोग छापून आला. आहारात मुद्दाम कमतरता ठेवलेल्या उंदरांच्या टाळूवर मिरचीतला तिखट अंश, म्हणजे कॅप्सेसिन, फासला आणि टाळूखाली तंतू वाढलेले दिसले. आज हा निष्कर्ष चुकीचा ठरलाय म्हणून हसण्यासारखं काही नाही. रुग्णाला तिखट झोंबतं, म्हणजे तिखटानेच झालं, असं रुग्णालाही वाटतं आणि डॉक्टरलाही. पण झोंबणं हे कारण नव्हतं, लक्षण होतं. वरची त्वचा इतकी पातळ पडते की साधं तिखटही सहन होत नाही. मिरची खाणाऱ्या मेक्सिकोत हा रोग दिसत नव्हता, आणि पुढे परदेशात हॅमस्टरच्या गालांवर कॅप्सेसिन फासून पाहिलं तेव्हा तसले बदल झाले नाहीत. मिरची हळूहळू आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग भारतात आले. तोंडाच्या रोगांचे ते त्या काळचे मोठे जाणकार, आणि लखनौ, मुंबई, बंगळूर, त्रिवेंद्रम इथे त्यांनी दर ठिकाणी हजारो माणसांची तोंडं तपासली. सिरसाट आणि पिंडबोर्ग यांनी १९६६ मध्ये मिळून लिहिलेल्या निबंधाने या रोगाची व्याख्या बसवली. ती आजही वापरतात. हळूच येणारा, तोंडाच्या कोणत्याही भागाला धरणारा, त्वचेलगत दाह, मग तंतूंचा थर, मग वरची त्वचा पातळ आणि शेवटी ताठरपणा, असा क्रम त्यांनी लावला. तंतू कुणामुळे वाढतात, हे मात्र व्याख्येत नव्हतं.

उत्तर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत पडलेलं होतं, पण उलट्या बाजूने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांचा दंतसंशोधन विभाग होता. त्यांनी घरोघर जाऊन १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. चुना लावून मळलेली तंबाखू घराघरांत, बायकांत मिश्री आणि त्यांचे पांढरे चट्टेही भरपूर. तोंड ताठरवणारा हा रोग मात्र दर दहा हजारांत तिघांनाच. म्हणजे तंबाखू पुष्कळ आणि फायब्रोसिस जवळजवळ नाही. आज मागे वळून पाहताना हा आकडा ओरडून सांगतो की तंबाखू नव्हे, दुसरंच काहीतरी. त्या दशकात तसं वाचणारे फार नव्हते. सगळ्यांचं लक्ष कर्करोगावर होतं, कर्करोग म्हटला की तंबाखू, आणि सुपारी म्हणजे विड्यातली, ओटीतली, पूजेतली निरुपद्रवी वस्तू.

सुपारीवर बोट ठेवलं ते लंडनमध्ये, आणि तिथल्या भारतीय वस्तीमुळेच. कॅनिफ आणि हार्वे या दोघांच्या दवाखान्यात आशियाई स्थलांतरित येत, ज्यांची तोंडं मिटत चालली होती. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की सुपारीचा अर्क पेशींना दिला तर त्या अधिक कोलॅजेन बनवतात. कोलॅजेन म्हणजे शरीराचा मुख्य तंतू, कातडीपासून हाडापर्यंत सगळीकडे असतो, आणि तो विणतात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. १९८६ मध्ये त्याच गटाने सुपारीतली अल्कलॉइड वेगवेगळी करून तपासली. अॅरेकोलीन चुन्याच्या संगतीत अॅरेकॅडीन बनतं, आणि फायब्रोब्लास्टला हे रूप मूळच्यापेक्षा जास्त डिवचतं.

इथे टपरीवरचा मावा डोळ्यांपुढे आणावा. टपरीवाला कातरलेल्या सुपारीची मूठ, तंबाखूची चिमूट आणि बोटभर चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेतो, पुरचुंडी बांधतो आणि तळहातावर दाबून घासत राहतो. घासता घासता पुरचुंडी गरम होते, चुना सुपारीत मुरतो, रंग उतरतो. गिऱ्हाइकाला हवं तेवढं कडक झालं की पुरचुंडी त्याच्या हातात जाते आणि तिथून गालात, तासभर. लंडनच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत जे करून पाहिलं, तेच हा माणूस दिवसभर हाताने करत असतो, आणि अधिक नीट करतो.

१९८७ मध्ये दुसरी गोष्ट कळली. कोलॅजेन जास्त बनणं एकवेळ सोसलं असतं, कारण शरीर जुनं कोलॅजेन मोडतही असतं. पण सुपारीतले टॅनिन कोलॅजेनच्या धाग्यांना बिलगतात आणि मोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, दाद देत नाहीत. टॅनिन आपल्याकडे नवीन नाही. दख्खनचे ढोर-चांभार बाभळीची आणि तरवडाची साल हौदात भिजवून त्यात कातडं महिनोन्महिने ठेवत. सालीतलं टॅनिन कातडीच्या कोलॅजेनमध्ये शिरतं, म्हणून कातडं कुजत नाही, चामडं होतं. सुपारी चघळणाऱ्याच्या गालात रासायनिकदृष्ट्या तेच चालू असतं, फक्त कातडं जिवंत माणसाचं. उपमा म्हणून नव्हे, शब्दशः.

तिसरा धागा तांब्याचा. सुपारीत तांबं इतर सुक्यामेव्याच्या मानाने बरंच असतं, आणि लायसिल ऑक्सिडेज या विकराला काम करायला तांबंच लागतं. कोलॅजेनच्या सुट्या दोरांना एकमेकांत गाठी मारणं हे त्या विकराचं काम. तैवानच्या संशोधकांनी १९९५ मध्ये रुग्णांच्या फायब्रोब्लास्टमध्ये हा विकर चढलेला पाहिला, लंडनमध्ये त्रिवेदी आणि वर्णकुलसूर्य यांनी पुढच्या काही वर्षांत तो रुग्णांच्या ऊतींत दाखवला. म्हणजे धागे जास्त, मोडणं कमी आणि गाठी घट्ट. गालातली दोरी हाताला का लागते ते यात आलं.

आणि स्नायू? लंडनमध्येच एल-लब्बान आणि कॅनिफ यांनी १९८५ मध्ये रुग्णांच्या गालातला स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तंतू झिजलेले, काही मेलेले. त्वचेखालचा थर दाटला की खालच्या स्नायूचा रक्तपुरवठा आवळतो, स्नायू हलेनासा होतो आणि न हलणारा स्नायू सुकतो. उरलेल्या जागेत पुन्हा तंतूच भरतात. म्हणूनच बळावलेल्या रुग्णात सर्जनला गालातल्या दोऱ्या कापून भागत नाही. कानशिलाचा स्नायू जबड्याच्या ज्या हाडाच्या टोकाला धरतो, ते टोकही काढावं लागतं. मुंबईच्या जे. एन. खन्ना आणि नीलम अंद्रादे यांनी १९९५ मध्ये शंभर रुग्णांच्या शस्त्रक्रिया आणि रोगाच्या पायऱ्या छापल्या, त्या सर्जनांच्या अजून कामाला येतात.

या सगळ्याच्या मागे हुकूम कुणाचा, हे कळायला मात्र तोंड सोडून मांडीच्या स्नायूकडे जावं लागलं. पॅरिसच्या डुशेन यांनी १८६८ मध्ये मुलग्यांना होणाऱ्या स्नायूक्षयाचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांनीच त्याला ‘स्नायू कठीण करणारा’ असं दुसरं नाव दिलं होतं. सुईसारखं हत्यार घालून जिवंत मुलाच्या स्नायूचा तुकडा काढून त्यांनी पाहिलं होतं की तंतूंच्या मधे दुसरंच काहीतरी साठलंय. जवळजवळ एकशेवीस वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत हॉफमन आणि कुंकेल यांना डिस्ट्रोफिन हे हरवलेलं प्रथिन सापडलं आणि सगळे स्नायूपेशीच्या आत पाहू लागले. डुशेन यांचं दुसरं नाव बाजूला पडलं.

ते परत आणलं टीजीएफ-बीटा नावाच्या रेणूने. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांनी तो ओळखला आणि १९८६ मध्ये नवजात उंदरांच्या कातडीखाली टोचून दाखवला. दोन-तीन दिवसांत तिथे तंतूंचा गठ्ठा उभा राहिला. जखम भरताना हा रेणू हवाच असतो. तो थांबला नाही की व्रण वाढत राहतो. १९९५ मध्ये मिलानच्या गटाला डुशेनच्या मुलांच्या स्नायूत तो सापडला, आणि जितका तो जास्त तितके तंतू जास्त. तरी एक कोडं उरलं. डिस्ट्रोफिन एकसारखंच नसलेली दोन मुलं, एक दहाव्या वर्षी चाकांच्या खुर्चीत बसतो, दुसरा चौदाव्या वर्षापर्यंत चालतो. शिकागोत एलिझाबेथ मॅकनॅली यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांत याचं एक उत्तर दिलं. पेशीबाहेरच्या जाळ्यात एलटीबीपी-४ नावाचा रेणू टीजीएफ-बीटाला जखडून ठेवतो. काही उंदरांत तो सहज तुटणारा असतो, टीजीएफ-बीटा सुटतो, स्नायू भराभर तंतूमय होतो. २०१३ मध्ये मुलांमध्येही याच जनुकाचे भेद आणि चालण्याची वर्षं यांचा संबंध सापडला. म्हणजे दोष स्नायूपेशीतला असला तरी निकाल बराचसा तिच्या शेजाऱ्यांच्या हातात.

तोंडाच्या रोगात पेशीत जन्मजात दोष नाही, सगळा कारभार शेजाऱ्यांचाच. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी दाखवलं की सुपारीतलं अल्कलॉइड गालाच्या वरच्या पेशींवर इंटेग्रिन नावाचं पेशीच्या पृष्ठभागावरचं एक विशिष्ट प्रथिन वाढवतं, आणि ते टीजीएफ-बीटाला त्याच्या बंधनातून सोडवतो. पुढच्या वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. कोंडय्या यांच्या गटाने सुपारीने हाच मार्ग चालू होतो याचे पुरावे जोडले. १९५३ साली जोशींनी बोटाने चाचपलेल्या थराची कर्तीकरविती साठ वर्षांनी सापडली.

दरम्यान बाजार थांबला नव्हता. सत्तरच्या दशकात पानमसाला डब्यांतून आणि मग पुड्यांतून आला, पाठोपाठ गुटखा. पान लावायला पानवाला लागतो, पानाचा भाव असतो, ते सुकतं. पुडीला यातलं काही लागत नाही, ती एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या कोपऱ्यावर, शेताच्या बांधावर मिळते. हैदराबादच्या १९९६ च्या अभ्यासात विडा खाणाऱ्यांना हा रोग यायला सरासरी साडेआठ वर्षं लागली होती, पानमसाला खाणाऱ्यांना तीनही नाहीत. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी घरोघर फिरून १६४ रुग्ण शोधले. चौघे सोडून सगळे सुपारीवाले, आणि मावा तिथेही. १९९८ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘नवी साथ?’ असं प्रश्नचिन्ह होतं. केरळच्या एर्नाकुलममध्ये ६६ रुग्णांचा सतरा वर्षं माग ठेवला तेव्हा पाच जणांना कर्करोग झाला.

धाराशिवला या हकिकतीत जागा मिळाली ती बार्शीमुळे. भूम आणि परंडा हे तालुके धाराशिवचे, पण बाजार, दवाखाना, एसटी सगळं बार्शीकडे झुकलेलं. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या मदतीने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, ती बार्शीसह भूम-परंड्याच्या साडेतीनशेच्या आसपास गावांत. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या वह्यांतून होते. इथे लोक रुग्णालयात जातच नव्हते, म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव गेली, लक्षणं समजावून सांगत, संशयितांना बार्शीला आणत. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांचं हे काम. त्यातूनच पुढे १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी उभी राहिली. एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले, हा २००९ चा निष्कर्ष जगभरच्या धोरणांत गेला. जिल्ह्याला याचा अभिमान पुरेसा वाटत नाही, हे माझं मत.

पुरुषांच्या तोंडांना असं भाग्य लाभलं नाही. तपासायला बॅटरी आणि बोट पुरतं. तोंड नुसतं डोळ्यांनी तपासूनही तंबाखू-दारूवाल्यांतले मृत्यू एकतृतीयांशाने घटतात, हे त्रिवेंद्रमच्या चाचणीने २००५ मध्येच दाखवलं होतं, आणि त्या चाचणीचे प्रमुख शंकरनारायणन हेच उस्मानाबादच्या चाचणीतही होते. पण तोंड ताठरणं हा कर्करोग नव्हे, आणि निरोगीपणाही नव्हे. मधल्या अवस्थेतल्या माणसाची कोणत्याही वहीत नोंद होत नाही. तो दाढ काढून घरी जातो.

कायदा आला तो तंबाखूचं बोट धरून. १ ऑगस्ट २००२ पासून महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाला बंद केला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. २०११ पासून प्लास्टिकच्या पुड्या गेल्या. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घालण्यावर बंदी आणली, त्याच आधारावर आधी मध्य प्रदेशाने आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. यामागे टाटा मेमोरियलच्या डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या सर्जनांनी वर्षानुवर्षं रुग्णांना मंत्र्यांपुढे उभं केलं होतं. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी यांचीही नावं आली. बंदी दर वर्षी नव्याने काढावी लागते, आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गपासून उमरग्यापर्यंत, गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्याही वर्षभर येत राहतात.

बंदीचा पाया तंबाखू आहे आणि गाल आवळणारी सुपारी आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये ठरवलं. पण बिनवासाच्या, नुसत्या कातरलेल्या सुपारीला कुठला आदेश लागू होत नाही. शिमोगा-सागरच्या बाजारातून पोती निघतात, पावती फाडून, कर भरून, आणि तुळजापूरच्या पूजेच्या दुकानात, कळंबच्या किराण्यात, उमरग्याच्या टपरीत उतरतात. टपरीवर ती अडकित्त्याने कातरून ठेवलेली असते, चुन्याची डबी आणि प्लास्टिकचे चौकोनी तुकडे शेजारीच.